घडीच्या चाकूंचा संग्रह: निर्मात्यांची तुलना नेमकी कशावरून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांच्या पेटीत इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा दोन पात्यांचा चाकू सापडला, अमेरिकेहून आलेल्या मामांनी केस कंपनीचा एक ट्रॅपर, म्हणजे दोन लांब पात्यांचा घडीचा चाकू, दिला, आणि आता आपल्याला संग्रह वाढवायचा आहे, तर केस, ग्रेट ईस्टर्न, श्रेड, रॉजर्स, ओपिनेल आणि व्हिक्टोरिनॉक्स यांत श्रेष्ठ कोण आणि पैसे कुणावर घालावेत? मी गेली बावीस वर्षे घडीचे चाकू जमवतो आणि दुरुस्तही करतो. त्यातली काही वर्षे नोकरीनिमित्त पश्चिम पेनसिल्व्हेनियात, म्हणजे या उद्योगाच्या माहेरीच गेली. त्या अनुभवावरून सांगतो की हा प्रश्न असा विचारला तर उत्तर मिळत नाही, कारण चाकूच्या पात्यावरचे नाव ही एकच एक वस्तू नसते. तेच नाव वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या मालकांकडे, वेगवेगळ्या कारखान्यांत आणि अगदी वेगवेगळ्या देशांतही राहिलेले असते. म्हणून तुलना करायची ती नाव, गाव आणि काळ या तिन्हींची एकत्र.

श्रेडचे उदाहरण घ्या, म्हणजे मुद्दा लगेच ध्यानात येईल. श्रेड कटलरी कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावी 1904 साली सुरू झाली. पुढे इंपीरियल श्रेड या नावाने तिचा कारभार एलेनव्हिल येथे चालत असे आणि ‘ओल्ड टायमर’ ही तपकिरी, करवतीच्या रेघांच्या मुठीची मालिका तिथेच लाखो लोकांच्या खिशात पोहोचली. 2004 च्या जुलै महिन्यात कारखाना अचानक बंद पडला. नाव विकले गेले आणि त्यानंतरचे ओल्ड टायमर चीनमध्ये तयार होऊ लागले. आकार तोच, रंग तोच, मुठीवरची ढालीच्या आकाराची धातूची छोटी पट्टीही तशीच. पण एलेनव्हिलच्या चाकूत 1095 या कार्बन पोलादाचे पाते असे, ते काही वर्षांत करडे-निळसर होते आणि पाट्यावर दोन हात मारले की त्याला पुन्हा धार लागते. नंतरच्या चाकूंचे पोलाद वेगळे आणि जोडणीही वेगळी. पात्याच्या बुंध्यावर, म्हणजे मुठीत शिरणाऱ्या जाड भागावर, नावाखाली ‘यू.एस.ए.’ आणि नमुन्याचा क्रमांक कोरलेला आहे का, एवढे पाहिले की दोन्ही वेगळे करता येतात. आता ‘श्रेड चांगला की वाईट’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

केसचे तसे नाही, आणि नव्या संग्राहकाने केसपासून सुरुवात करावी असे मी म्हणतो ते याच कारणाने. डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावात आहे, आजही तिथेच चाकू बनवते, आणि 1993 पासून त्याच गावातल्या झिप्पो या लायटरवाल्या कंपनीच्या मालकीची आहे. तिने आपल्या चाकूंवर काळाची नोंद ठेवली, हे संग्राहकावर मोठे उपकार आहेत. 1940 ते 1964 या काळातल्या चाकूंवर ‘केस एक्सएक्स’ एवढाच शिक्का आहे. 1965 पासून त्याखाली ‘यू.एस.ए.’ आले, 1970 साली शिक्क्याखाली दहा ठिपके दिले गेले आणि दरवर्षी त्यांतला एक कमी होत 1979 मध्ये एकच उरला. 1980 पासून नावातल्या ‘एस’ अक्षराला विजेसारखा बाक आला आणि ठिपके पुन्हा दहापासून सुरू झाले. म्हणजे आठ ठिपके आणि साधे ‘एस’ असलेला चाकू 1972 चा. भिंगाखाली ठिपके मोजणे हे या छंदातले अगदी पहिले आणि सगळ्यांत समाधानाचे काम आहे.

नमुन्याचे आकडेही तसेच बोलके आहेत. आपल्या ट्रॅपरवर बहुधा 6254 हा क्रमांक असेल. त्यातला 6 म्हणजे कोरीव हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती आणि 54 म्हणजे ट्रॅपर हा आकार. पहिला आकडा 5 असेल तर मूठ शिंगाची, 3 असेल तर पिवळ्या कृत्रिम पदार्थाची. पिवळ्या मुठीचा, क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या पात्याचा ट्रॅपर हा मला केसच्या चाकूंत सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यात शोभेचे काही नाही, पाते पातळ घासलेले असते आणि फळ कापताना ते अडकत नाही. केसचे स्टेनलेस पोलाद मऊ बाजूचे असते, धार लवकर जाते आणि लवकरच लागते. ज्याला धार लावण्यात आनंद आहे त्याला ते चालते. पण केसची निर्मिती मोठ्या प्रमाणावर होते आणि त्यामुळे एका खोक्यातले दोन चाकू सारखे नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. एकाचे पाते मधोमध उभे राहील, तर दुसऱ्याचे बाजूच्या पितळी पत्र्याला घासेल. केसचा चाकू शक्यतो हातात घेऊनच विकत घ्यावा.

ग्रेट ईस्टर्न कटलरीची गोष्ट याच्या उलट आहे. तिचे गाव पेनसिल्व्हेनियातलेच टायटसव्हिल. ते 1859 मध्ये तिथे खोदलेल्या तेलविहिरीमुळे इतिहासात आले. चाकूंचा धंदा तिथे त्यानंतरचा. क्वीन कटलरी तिथलीच. 1922 साली सुरू झालेली ही कंपनी 2018 च्या सुरुवातीला बंद पडली. ती बंद पडण्याच्या आधीच, 2006 मध्ये, याच गावात ग्रेट ईस्टर्न उभी राहिली होती. जुन्या पद्धतीची यंत्रे, 1095 पोलाद, हाड, शिंग आणि लाकूड, आणि टिडियूट, नॉर्थफील्ड अशी जुन्या कंपन्यांची नावे, हे सारे त्यांनी पुन्हा वापरात आणले. इथे एक नमुना थोड्या संख्येने बनतो, संपला की संपला. तोच आकार पुन्हा येईल तेव्हा मूठ किंवा पाते बदललेले असते. त्यामुळे बाजारात आल्या दिवशी चाकू विकले जातात आणि आठवडाभरात त्यांचे भाव चढतात. या चढाओढीचा मला मनापासून खेद होतो, कारण हे चाकू वापरण्याजोगे आहेत आणि त्यांतले बरेचसे ज्या नळकांड्यात घालून विकले जातात त्यातून बाहेरही निघत नाहीत. जोडणीच्या बाबतीत मात्र आज कारखान्यात बनणाऱ्या चाकूंत त्यांच्या तोडीचे फार थोडे आहेत. त्यांच्या काही नमुन्यांची स्प्रिंग एवढी कडक असते की नखाने पाते उघडताना नख दुखते. वयस्कर माणसाला असा चाकू भेट देण्याआधी दहा वेळा विचार करावा.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण नाव झाकून चाकू ओळखता आला पाहिजे.

पारंपरिक घडीच्या चाकूत कुलूप नसते. पाठीत एक पोलादी स्प्रिंग असते आणि ती पात्याच्या बुंध्यावर दाब देते. पाते मिटलेले असताना आणि पूर्ण उघडलेले असताना बुंध्याचा सपाट भाग तिच्याखाली येतो, म्हणून ते तिथे थांबते. मधल्या प्रवासात बुंध्याचा कोपरा स्प्रिंगला वर उचलतो. काही चाकूंत बुंधा चौकोनी असतो, तेव्हा पाते काटकोनात आले की आणखी एकदा थांबते. बोटावर पाते मिटू नये म्हणून मला ही रचना आवडते. आता चाकू खिडकीच्या उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे यांच्यामधून उजेडाची रेघ दिसू नये. मग पाठीवरून अंगठ्याचे नख फिरवा. पाते मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पूर्ण उघडलेले अशा तिन्ही अवस्थांत स्प्रिंगची पाठ पत्र्यांच्या सपाटीत असली पाहिजे. मिटलेल्या आणि उघडलेल्या अवस्थेत ती जुळवणे अवघड नाही. अर्ध्यावरही ती सपाटीतच राहिली तर ज्याने तो चाकू जोडला त्याने कानशीने बुंधा थोडा थोडा घासून, पुन्हा पुन्हा जोडून पाहिला आहे, असे खुशाल समजावे. शेवटी पाते सावकाश उघडा. ते मध्येच खरखरू नये, आणि शेवटी ‘टक्’ असा एकच भरीव आवाज यावा. बोदा आवाज म्हणजे स्प्रिंग थकलेली किंवा आत वाळलेले तेल साचलेले. तेल असेल तर साफसफाईने आवाज परत येतो. ती पेनसिल्व्हेनियाची स्प्रिंग आहे की शेफील्डची, याने फरक पडत नाही.

जुना चाकू घेताना आणखी एक तपासणी लागते, आणि ती मी पैसे गमावून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका विक्रेत्याकडून मी 1960 च्या दशकातला म्हणून एक ट्रॅपर घेतला. तो आरशासारखा लखलखत होता. घरी येऊन भिंगाखाली धरला तेव्हा दिसले की बुंध्यावरच्या शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा गोलावल्या आहेत आणि तळाशी फक्त सावली उरली आहे. चाकावर धरून घासल्यामुळे पात्याची जाडी, नखखाचेच्या (पाते उघडायला नख घालण्याच्या खाचेच्या) कडा आणि हाडावरची कोरीव रेघ, सारे वितळल्यासारखे झाले होते. असा चाकू परत पूर्ववत होत नाही. तेव्हापासून मी काळसर, डागाळलेले पाते पसंत करतो. तो थर पोलादाचे रक्षणही करतो. तसेच पाते मिटल्यावर त्याचे टोक कुठे बसते ते पहावे. पुष्कळ धार लावलेले पाते झिजून आखूड आणि अरुंद होते, टोक मुठीत खोल जाते आणि नखखाच टोकाच्या फार जवळ आल्यासारखी वाटते. दोन पात्यांपैकी एकावरच गडद थर असेल, किंवा दोघांच्या बुंध्यांची जाडी जुळत नसेल, तर एक पाते नंतर बदललेले आहे असे समजावे.

आपल्या रॉजर्सकडे वळतो. शेफील्डमध्ये चाकू एका छपराखाली बनतोच असे नव्हते. कुणी घडवे, कुणी घासे, कुणी जोडे, आणि स्वतःच्या एखाद-दोन खोल्यांत काम करणाऱ्या या कारागिरांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांच्यातले अखेरचे नामवंत कारागीर स्टॅन शॉ वयाच्या चौदाव्या वर्षी या कामाला लागले आणि 2021 मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले. म्हणून शेफील्डच्या चाकूत एकाच शिक्क्याखाली अतिशय उत्तम आणि अगदी साधारण असे दोन्ही प्रकार सापडतात. रॉजर्सची तारा आणि माल्टीज क्रूस ही खूण 1682 पासूनची आहे, आणि बुंध्यावर बहुधा ‘नंबर 6, नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ता असतो. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर चाकू राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे 1901 पर्यंतच्या काळातला. ‘जी’ आणि ‘आर’ असतील तर राजा जॉर्जच्या, बहुधा 1910 नंतरच्या काळातला. ‘इंग्लंड’ हा शब्द असेल तर तो प्रायः 1891 किंवा त्यानंतरचा असतो, कारण 1890 च्या अमेरिकी जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव असणे सक्तीचे केले. पण ही खूण उलटी वाचू नये. अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर देशाचे नाव नसेल, तर त्यावरून तो जुना ठरत नाही. जॉर्ज वोस्टनहोम आणि त्यांची ‘आय-एक्स-एल’ ही खूण रॉजर्सची मोठी प्रतिस्पर्धी; 1971 मध्ये दोन्ही नावे एकत्र आली. रॉजर्सचे नाव एवढे मोठे होते की त्याच्या जवळपासची अक्षरे कोरून चाकू विकणारेही पुष्कळ झाले. ‘रॉजर्स’ची इंग्रजी अक्षरे, त्यातला ‘डी’ आणि शेवटचा ‘एस’, नीट वाचावीत.

आणि एक गोष्ट आपल्याला आवडेल. इंग्रजीत लहान घडीच्या चाकूला जे नाव आहे त्याचा मूळ अर्थ लेखणीचा चाकू असा आहे, कारण पिसाच्या लेखणीचे टोक त्याने कापत. आपल्याकडे बोरू तासायला हेच काम लहान चाकू करत असे. आजोबा दप्तरात काम करत असतील तर त्या चाकूचे लहान पाते मोठ्यापेक्षा जास्त झिजलेले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर ती झीज हा दोष मानू नका.

पोलादाबद्दल एवढेच की, ‘कार्बन चांगले की स्टेनलेस’ या वादात मी पडत नाही. मुंबई-कोकणाच्या हवेत कार्बन पोलादाला जास्त जपावे लागते, आणि आंबट फळ कापून पाते तसेच ठेवले तर तासाभरात डाग पडतो, हे माहीत असावे.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांची तुलना केसशी करू नये, कारण त्यांचा हेतूच वेगळा. ओपिनेल 1890 मध्ये फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात सुरू झाला. बीचच्या लाकडाची मूठ, एक पाते, आणि 1955 पासून पाते अडकवणारी फिरती कडी. पाठीत स्प्रिंगच नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पाते घट्ट होते. तक्रार करण्याऐवजी मूठ कोरड्या जागी दोन दिवस ठेवावी. ‘लायोल’ नावाचे फ्रेंच चाकूही आपल्याला दिसतील; लायोल हे गावाचे नाव आहे, एका कंपनीचे नव्हे, त्यामुळे तो शब्द पाहून काहीही ठरवू नये. फ्रान्सच्याच तिएर शहरात हे चाकू फार मोठ्या प्रमाणात बनतात आणि बाहेरच्या देशांतही बनतात. व्हिक्टोरिनॉक्समध्ये संग्राहकासाठी सर्वांत सुंदर वस्तू म्हणजे 1961 ते 2008 या काळातला ॲल्युमिनियमच्या मुठीचा सैनिकी चाकू. त्याच्या मोठ्या पात्याच्या बुंध्यावर वर्षाचे दोन आकडे असतात. जन्मवर्षाचा एक शोधून ठेवावा.

मुठीच्या बाबतीत आपल्या देशाचा संबंध अगदी जवळचा आहे. जुन्या इंग्रजी, जर्मन आणि अमेरिकी चाकूंवरचे शिंग पुष्कळदा भारतीय सांबराचे असे. सांबर दरवर्षी शिंगे गाळते, ती गोळा होऊन परदेशी जात. 1998 मध्ये भारताने ही निर्यात बंद केली आणि जगभर शिंगाच्या मुठी महागल्या. भारतात राहून अशी मूठ किंवा हस्तिदंताची मूठ विकत घेताना सावध असावे, कारण तो व्यवहार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. कोरीव हाडाचे चाकू जमवण्यात ती अडचण नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. आपले चाकू त्याच्या खूपच आत असतात, तरी विमानात ते हातातल्या सामानात ठेवू नयेत आणि गर्दीच्या जागी उगाच काढू नयेत.

साठवणुकीबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवे, कारण संग्रह विकत घेताना होणारे नुकसान थोडे आणि कपाटात होणारे जास्त. पहिली गोष्ट, चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडे ओलावा धरते, कमावताना वापरलेली द्रव्ये त्यात उरलेली असतात आणि पात्यावर नेमका म्यानाच्या आकाराचा गंज चढतो. दुसरी गोष्ट सेल्युलॉइडच्या मुठींची. कासवाच्या कवचासारख्या किंवा मोत्यासारख्या चमकणाऱ्या जुन्या कृत्रिम मुठी बहुधा सेल्युलॉइडच्या असतात. हा पदार्थ वयाबरोबर विघटित होतो आणि त्यातून आम्लधर्मी वायू निघतात. माझ्या एका पेटीत असा एक चाकू इतर अकरांबरोबर होता. एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली तेव्हा आंबट, कापरासारखा वास आला. त्या चाकूच्या पितळी पत्र्यांवर हिरवा थर आणि शेजारच्या तीन पात्यांवर नारिंगी भुकटी होती. दूरच्या चाकूंना काही झाले नव्हते. सेल्युलॉइडचे चाकू वेगळे, हवेशीर जागी ठेवावेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी हुंगून पाहावेत. वास आला की तो चाकू इतरांपासून लगेच दूर करावा.

बाकीच्यांसाठी सिलिका जेलच्या पुड्या, सुती कापड आणि शिलाई मशीनचे तेल एवढे पुरेसे आहे. सांध्यात एक थेंब, पात्यावर पुसट हात. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नये. काही महिन्यांत ते चिकट होते आणि तोच बोदा आवाज येऊ लागतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते मी पुष्कळदा पाहायला जातो. तिथे प्रत्येक अडकित्ता वेगळा ठेवलेला आणि सांध्यापर्यंत दिसणारा आहे, आणि माझ्या खणातले कप्पे मी तसेच करून घेतले आहेत.

आता पैसे कुणावर घालावेत. पहिल्या वर्षी नवे फारसे घेऊ नका. एक आकार निवडा, उदाहरणार्थ ट्रॅपर किंवा तीन पात्यांचा स्टॉकमन, आणि त्या एका आकाराचा एलेनव्हिलचा श्रेड, ब्रॅडफर्डचा केस आणि जमल्यास टायटसव्हिलचा क्वीन किंवा ग्रेट ईस्टर्न असे तीन घ्या. तिन्ही एकाच टेबलावर ठेवून उजेडासमोर धरले, पाठीवरून नख फिरवले आणि आवाज ऐकला की कुणी कुठे कसर केली ते आपोआप कळते. आपला ट्रॅपर त्यातला एक झालाच.

आजोबांचा रॉजर्स तोवर घासायला, चकाकी द्यायला किंवा धार लावायला कुणाकडेही देऊ नका. सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा, पाते पूर्ण उघडून-मिटून न पाहता आधी अर्ध्यापर्यंतच नेऊन सोडवा, एक रात्र तसाच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी काळे तेल सुती कापडाने टिपून घ्या. मग भिंगाखाली दोन्ही पात्यांच्या बुंध्यांच्या दोन्ही बाजू पाहा. मुकुटाशेजारची अक्षरे कोणती आहेत आणि ‘इंग्लंड’ आहे की नाही, एवढे लिहून कळवलेत तर काळाबद्दल अधिक नेमके सांगता येईल.